२२ पानांची माहितीपुस्तिका कुणी वाचतच नाही, फॉरमॅटिंगने खरंच फरक पडतो का?

रेघोटी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वेळ असेल तर वाचा. आमच्या ऑफिसात नवीन रुजू होणाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तिका आहे, वर्डमधली २२ पानांची फाइल, त्यात रजा, हजेरी, कॉम्प्युटर बिघडला तर काय, ओळखपत्र हरवलं तर काय, सगळं आहे. दोन वर्षं झाली ती माझ्याकडे आहे आणि त्यातली माहिती बरोबर आहे की नाही हे मी विभागाविभागात जाऊन विचारून घेतलंय. तरी रोज चार-पाच फोन येतातच आणि प्रश्न तेच जे पुस्तिकेत लिहिलेत. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे रजेचा अर्ज किती दिवस आधी द्यायचा. ते पान ९ वर आहे. मी म्हणते पान ९ बघा, तर समोरचा म्हणतो अहो तेच पान उघडून बसलोय पण दिसत नाहीये.

साहेब म्हणाले जरा आकर्षक कर. मग मी दोन दिवस बसून महत्त्वाचं सगळं ठळक केलं, त्याहून महत्त्वाचं लाल केलं, अगदीच चुकवू नये असं लाल आणि अधोरेखित, शीर्षकांना वेगळा फॉन्ट, पानाला बॉर्डर. फोन कमी झाले नाहीत, वर एक नवीन आलेली मुलगी म्हणाली की ताई आता वाचताना डोळ्यांना त्रास होतो. ती खरं तेच बोलली म्हणून मला ते जास्त लागलं.

तर प्रश्न असा की फॉरमॅटिंगने वाचायला खरंच सोपं होतं का, की मजकूरच बदलायला हवा? आणि सुरुवात कुठून करायची? नमुन्याला पान ९ वरचा तो परिच्छेद देते:

"कर्मचाऱ्याने रजा घेण्यापूर्वी आपल्या विभागप्रमुखांची पूर्वपरवानगी घेणे आवश्यक असून त्यासाठीचा अर्ज किमान सात दिवस आधी सादर करावा, तथापि आजारपणाच्या रजेस सदर अट लागू राहणार नाही, मात्र अशी रजा तीन दिवसांपेक्षा अधिक असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडणे बंधनकारक राहील व ते कामावर रुजू होतेवेळी सादर करावे."

मुद्रितशोधक

फरक पडतो आणि चांगलाच पडतो. मी पंधरा वर्षं यंत्रांच्या सूचनापुस्तिका तपासतोय त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की धरा, तुमची पुस्तिका कुणी "वाचत" नाही, त्यात "शोधतात". कादंबरी वाचणारा पहिल्या शब्दापासून सुरू करतो पण तुमच्याकडे येणारा माणूस एक प्रश्न घेऊन येतो, त्याला उत्तर मिळालं की तो फाइल बंद करणार. आणि डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही, तो उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग पुढे उडी, परत थांबतो, मधेच मागेही येतो. एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एकोणिसाव्या शतकातच हे लक्षात आलं होतं. म्हणजे पानावर उडी मारून बसायला जागा लागते. शीर्षक, परिच्छेदाची सुरुवात, आकडा, मोकळी जागा, या त्या जागा. तुमच्या पान ९ वर अशी एकही जागा नाही, सगळा एकच ठोकळा आहे, मग डोळा उतरणार कुठे.

वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुपने २००६ साली २३२ जणांची नजर वेबपानांवर कशी फिरते ते मोजलं होतं. माणसं वरच्या एकदोन ओळी आडव्या वाचतात, थोडं खाली येऊन अजून एक अर्धी ओळ वाचतात आणि मग डाव्या कडेने नुसती खाली घसरतात, इंग्रजी एफ अक्षरासारखा आकार होतो नजरेचा. म्हणून ओळीचे पहिले दोन शब्द फार मोलाचे. तुमच्या परिच्छेदाचे पहिले दोन शब्द काय आहेत बघा, "कर्मचाऱ्याने रजा". आणि मी पैज लावतो की पुस्तिकेतला दर दुसरा परिच्छेद "कर्मचाऱ्याने" नेच सुरू होत असणार. मग डाव्या कडेने खाली घसरणाऱ्याला सगळं सारखंच दिसणार ना.

आता ठळक आणि लालबद्दल. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ मध्ये दाखवलं की सारख्या गोष्टींच्या रांगेत एखादी वेगळी असेल तर तीच लक्षात राहते. पण त्यासाठी बाकीच्या सारख्या असाव्या लागतात! अर्धं पान ठळक केलंत की ठळक हाच साधा मजकूर होतो आणि उरलेला साधा मजकूर उगाच फिका दिसायला लागतो. पानावर एकदोन ठिकाणी ठळक, बास. रंग तर मी काढूनच टाकेन.

तुमचा परिच्छेद मी असा करीन:

रजेचा अर्ज किती दिवस आधी द्यायचा?

साधी रजा: किमान ७ दिवस आधी, विभागप्रमुखांची परवानगी घेऊन.

आजारपणाची रजा: आधी अर्ज लागत नाही. रजा ३ दिवसांपेक्षा जास्त झाली तर कामावर परत येताना वैद्यकीय प्रमाणपत्र द्या.

काय काय केलं ते सांगतो. शीर्षक म्हणजे फोनवर लोक जो प्रश्न विचारतात तोच, त्यांच्याच शब्दांत. "सात" चं "७" केलं कारण शब्दांच्या गर्दीत आकडा पटकन दिसतो. दोन प्रकारच्या रजा वेगळ्या केल्या, कारण वाचणाऱ्याला एका वेळी दोन्ही नको असतात, आजारी माणसाला साध्या रजेची अट वाचायला लावून मग "तथापि" म्हणणं म्हणजे त्याला चुकीच्या रस्त्याने नेऊन परत आणणं. आणि "सदर", "तथापि", "बंधनकारक राहील" गेले. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की दोन्ही एकदमच करावं लागतं, मजकूर न हलवता नुसतं फॉरमॅटिंग करता येत नाही, कारण तुकडे पाडायला बसलं की वाक्यही मोडावंच लागतं.

वर्डमध्ये एक काम मात्र नक्की करा. शीर्षक हाताने मोठं आणि ठळक करू नका, हेडिंग १, हेडिंग २ या स्टाइल्स वापरा. कंट्रोल, आल्ट आणि १ दाबलं की हेडिंग १ लागतं. दिसायला तेच दिसेल पण आता वर्डला कळतं की हे शीर्षक आहे, मग डावीकडच्या नॅव्हिगेशन पेनमध्ये सगळी शीर्षकं ओळीने येतात, त्यावर क्लिक केलं की थेट तिथे, आणि अनुक्रमणिका आपोआप तयार होते, पानं बदलली तर नुसती अपडेट करायची. एकदा स्टाइल बदलली की २२ पानांतली सगळी शीर्षकं एका झटक्यात बदलतात. शीर्षकाच्या वर जास्त जागा आणि खाली कमी ठेवा म्हणजे ते आपल्या मजकुराला चिकटलेलं दिसेल. अनेक जण एंटर मारमारून जागा सोडतात, तिथे वर आणि खाली सारखीच जागा पडते आणि शीर्षक दोन्हींच्या मध्ये लोंबकळतं, ते वरच्याचं की खालच्याचं हेच कळत नाही. स्टाइलमध्ये परिच्छेदाच्या आधीची आणि नंतरची जागा वेगवेगळी ठरवता येते, तिथे ठरवा.

शिरोरेघ

मुद्रितशोधक यांनी छान सांगितलंय, मी डीटीपीच्या बाजूने थोडी भर घालते कारण मराठीत काही गोष्टी इंग्रजीपेक्षा वेगळ्या आहेत आणि सगळे सल्ले इंग्रजीवरून उचललेले असतात.

पहिलं म्हणजे अधोरेखित करणं सोडाच. इंग्रजीत अक्षराखाली बरीचशी जागा रिकामी असते, आपल्याकडे खाली उकार आहेत, ऋकार आहेत, पायमोडकी अक्षरं आहेत. "कुतूहल" किंवा "वस्तू" अधोरेखित करून बघा, रेघ बरोबर उकारातून जाते आणि ऱ्हस्व की दीर्घ तेच कळत नाही. दुसरं तिरकं करणं. लॅटिन लिपीत इटॅलिकची स्वतःची वेगळी अक्षरं असतात, आपल्या बहुतेक फॉन्टांत तशी केलेलीच नसतात, कॉम्प्युटर सरळ अक्षर नुसतं ढकलून वाकडं करतो. वाकडी दिसणारी शिरोरेघ वाचायला त्रास देते. तिसरं, अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. शीर्षक पसरट दिसावं म्हणून लोक ते करतात आणि मग शिरोरेघ तुटते, शब्द जोडलेलाच राहत नाही, सुटी अक्षरं दिसतात.

आपल्याकडे इंग्रजीसारखी मोठी अक्षरं छोटी अक्षरं असा प्रकार नाही, त्यामुळे मराठीत जोर द्यायला हातात उरतं काय तर ठळकपणा, आकार आणि मोकळी जागा. म्हणून यांतली प्रत्येक गोष्ट जपून वापरावी लागते. आणि ठळक करताना त्या फॉन्टला खरा ठळक प्रकार आहे का ते बघा, नसेल तर सॉफ्टवेअर अक्षर नुसतं जाड करतं आणि "ध", "क्ष", "ष्ठ" यांच्या आतली पोकळी बुजून जाते. नोटो सॅन्स देवनागरी, मुक्त आणि हिंद या फॉन्टांना खरे वेगवेगळे जाडीचे प्रकार आहेत आणि फुकट मिळतात. टिरो देवनागरी मराठी हा तर मराठीसाठीच केलेला आहे, त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, पण तो एकाच जाडीचा आहे त्यामुळे शीर्षकाला दुसरा घ्यावा लागेल.

ओळींमधलं अंतर. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, म्हणजे एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. मी साधारण दीडपट ठेवते. कागद वाचवायचा म्हणून अंतर कमी करणारे लोक मला रोज भेटतात, त्यांना मी दोन्ही पानं छापून शेजारी ठेवून दाखवते, बोलून पटत नाही, बघितलं की पटतं.

आणि दोन्ही कडा सारख्या करायचा, म्हणजे जस्टिफाय करायचा मोह टाळा. मराठीत "पूर्वपरवानगीशिवाय" सारखे लांबच लांब शब्द असतात आणि वर्ड मराठी शब्द ओळीच्या शेवटी तोडून देत नाही, तो शब्द अख्खा खाली जातो आणि वरच्या ओळीत शब्दांमध्ये भोकं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हेच बरं. ओळ पण फार लांब नको. इंग्रजीसाठी ४५ ते ७५ अक्षरांची ओळ चांगली मानतात, ए-फोर कागदावर नेहमीचा समास ठेवून १२ च्या आकारात इंग्रजी छापलं तर ती नव्वदच्या आसपास जाते, म्हणजे ओळ संपवून परत डावीकडे येताना डोळा चुकतो आणि तीच ओळ पुन्हा वाचायला लागतो. समास वाढवा, बास, अजून काही करायला नको.

हो, आणि "७ दिवस" मधला ७ ओळीच्या शेवटी आणि दिवस खालच्या ओळीत असं होऊ द्यायचं नसेल तर मधली स्पेस देताना कंट्रोल आणि शिफ्ट धरून द्या, दोन्ही एकत्र राहतात.

रेघोटी

बापरे, किती नीट सांगितलंत दोघांनी, मनापासून आभार. मुद्रितशोधक, पैज जिंकलात, आत्ता मोजलं, २२ पानांत ३१ परिच्छेद "कर्मचाऱ्याने" किंवा "कर्मचाऱ्यांनी" ने सुरू होतात. मला हे कधी दिसलंच नव्हतं. शिरोरेघ ताई, "वस्तू" अधोरेखित करून बघितला, तुम्ही म्हणता तसंच झालं.

एक विचारायचं राहिलं, लाल रंग काढून टाकीन असं म्हणालात ते फक्त दिसायला वाईट म्हणून की अजून काही कारण आहे?

कानांनी वाचतो

रंगाचं मी सांगतो. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. माझ्यासाठी तुमचा लाल आणि तुमचा काळा एकच, रीडर सहसा रंग सांगत नाही. "लाल अक्षरातल्या अटी पाळाव्यात" असं वाक्य असलेलं परिपत्रक मला एकदा आलं होतं, त्यातल्या कुठल्या अटी लाल हे मला शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारावं लागलं. आणि हे फक्त अंधांचं नाही, लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं बरीच असतात, युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर साधारण बारामागे एक. शिवाय काळ्यापांढऱ्या प्रिंटवर लाल म्हणजे करडा. रंग वापरायला हरकत नाही पण तीच गोष्ट शब्दातही लिहा, नुसता "महत्त्वाचं" हा शब्द आधी टाकलात तरी माझं काम होतं. करडी अक्षरं पांढऱ्यावर देऊ नका, वेबच्या सुगम्यता नियमांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि मागचा रंग यांचं प्रमाण किमान ४.५ ला १ सांगितलंय, कमी दिसणाऱ्यांसाठी ते आहे.

पण मला खरं बोलायचंय ते शीर्षकांबद्दल, मुद्रितशोधक यांनी हेडिंग स्टाइलचं सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तुम्ही पान उघडलं की एका नजरेत शीर्षकं बघता. मी काय करतो सांगतो. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर आहे, २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केलेला. त्यात ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे टाईप न करता नुसतं वाचत फिरायच्या स्थितीत, एच दाबलं की मी पुढच्या शीर्षकावर जातो, परत एच, परत पुढचं. १ दाबलं की फक्त मोठी शीर्षकं, २ दाबलं की त्याखालची. टी दाबलं की तक्ता. म्हणजे २२ पानांची फाइल असली तरी मी दहाबारा वेळा एच दाबून रजेपर्यंत पोचतो. माझी नजर म्हणजे ते एच. आता शीर्षक नुसतं हाताने ठळक केलेलं असेल तर एच दाबल्यावर रीडर म्हणतो पुढे शीर्षक नाही. सगळं आहे पण माझ्यासाठी काहीच नाही. मग पहिल्या पानापासून ऐकत बसायचं, ओळ न ओळ, आणि हवं ते पान ९ वर.

याद्यांचंही तसंच. तुम्ही आकडे हाताने टाईप केलेत तर मला ती यादी आहे हे कळत नाही, यादीचं बटन वापरलंत तर रीडर आधीच सांगतो की यादी, पाच गोष्टी, म्हणजे किती ऐकायचंय ते माहीत असतं.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. जुन्या बिगरयुनिकोड फॉन्टमध्ये टाईप केलेली फाइल पाठवू नका. डोळ्यांना मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, मला ऐकू येतं ते काहीच्या काही, एकही शब्द लागत नाही. कागद स्कॅन करून पीडीएफ केलं तर तेवढंही नाही, ते नुसतं चित्र. तुमच्या पुस्तिकेत जुन्या फॉन्टमधून आणलेला एखादा भाग राहिला असेल तर आधी तो बदला, बाकी सगळं नंतर.

सलग

सगळ्यांचं पटलं पण मला एका गोष्टीची काळजी वाटते म्हणून लिहिते. हे वाचून लोक सरसकट सगळ्याचे बुलेट करतात. नियम, पायऱ्या, याद्या यांना तुकडे चालतात, पण जिथे कारण सांगायचं असतं, अमुक झालं म्हणून तमुक ठरवलं, तरीही अमुक धोका आहे, तिथे बुलेट केले की "म्हणून", "पण", "तरीही" हे शब्दच गळून पडतात आणि चार सुटी वाक्यं उरतात ज्यांचा एकमेकांशी काय संबंध ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. कोलंबिया यान, ज्यात कल्पना चावला होत्या, १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना तुटलं, सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा निघून डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी त्याचा अभ्यास करून स्लाइड्स केल्या. त्यातली एक स्लाइड चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात छापली आणि तिच्यावर टीका केली. तिचं मोठं शीर्षक वाचून वाटतं की चाचण्यांचे निष्कर्ष सुरक्षित बाजूचे आहेत. आणि अगदी तळाशी, बुलेटच्या खालच्या बुलेटमध्ये, बारीक अक्षरात असं आहे की चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि आदळलेला १९२० घनइंचांचा धरलाय. म्हणजे ६४० पट! ज्या चाचणीच्या भरवशावर शीर्षक लिहिलं ती चाचणी या तुकड्याला लागूच पडत नव्हती. मंडळाने म्हटलंय की एखादा वरिष्ठ अधिकारी ही स्लाइड वाचून हा जिवावरचा प्रश्न आहे हे लक्षात न येता पुढे जाऊ शकतो. आणि तांत्रिक अहवाल लिहिण्याऐवजी स्लाइड्सवर भागवायच्या सवयीवरही त्यांनी बोट ठेवलं.

यान त्या स्लाइडमुळे पडलं असं मी म्हणत नाही, कारणं खूप होती. पण फॉरमॅटिंग नुसतं सोपं करत नाही, ते वाचणाऱ्याला सांगतं की काय मोठं आणि काय किरकोळ, आणि ते चुकीचंही सांगू शकतं. आकडा तिथे होता, खरा होता, कुणी लपवला नव्हता, फक्त चुकीच्या पायरीवर बसवला होता. म्हणून रेघोटी, तुम्ही तुकडे पाडाल तेव्हा प्रत्येक ठिकाणी विचारा की ही अट दुसऱ्या अटीवर टेकलेली आहे का. असेल तर ती वेगळ्या बुलेटला टाकू नका, त्याच वाक्यात राहू द्या.

मुद्रितशोधक

सलग यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य आणि मी तो आधी लिहायला हवा होता. मी दिलेल्या नमुन्यातच बघा, आजारपणाच्या रजेत "आधी अर्ज लागत नाही" आणि "३ दिवसांपेक्षा जास्त झाली तर प्रमाणपत्र" ही दोन वाक्यं मी एकाच परिच्छेदात ठेवली, कारण पहिलं एकटं वाचून कुणी निघून गेलं तर ते अडचणीत येतील. माझ्या कामात इशारा नेहमी पायरीच्या आधी येतो, नंतर नाही. "झाकण उघडा" आणि मग खालच्या ओळीत "त्याआधी वीज बंद करा" असं लिहिलेलं मी एका मसुद्यात पकडलं होतं, अक्षर ठळक होतं, चौकट होती, सगळं होतं, फक्त जागा चुकली होती.

मोडीप्रेमी

थोडं विषयाच्या कडेचं आहे पण राहवत नाही म्हणून लिहितो. मी मोडी कागदपत्रं वाचायला शिकतोय आणि फॉरमॅटिंग नसलं की काय होतं ते तिथे कळतं. आधी ओळभर शिरोरेघ आखून घ्यायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लावत जायची, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. लिहिणाऱ्याला ते भराभर व्हायचं, सगळा त्रास वाचणाऱ्याला. सुरुवातीला मला एक ओळ लावायला अर्धा तास लागायचा आणि त्यातला बराचसा वेळ अक्षर ओळखण्यात नाही तर शब्द कुठे संपला हे ठरवण्यात जायचा. आज आपण जी विरामचिन्हं वापरतो ती मराठीत रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना देतात. शब्दांमधली रिकामी जागा, पूर्णविराम, नवा परिच्छेद, हे सगळं फॉरमॅटिंगच आहे, आपल्याला त्याची इतकी सवय झालीय की ते कुणीतरी वाचणाऱ्यासाठी केलंय हे जाणवत नाही. तुमचं पान ९ मला म्हणूनच ओळखीचं वाटलं, त्यात स्वल्पविराम आहेत पण श्वास घ्यायला जागा नाही.

रेघोटी

तीन आठवड्यांनी परत येतेय, मधे काम चालू होतं म्हणून लिहिलं नाही.

आधी मी आलेल्या फोनांची यादी केली, आठ दिवस प्रत्येक फोनचा प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून ठेवला. त्यातले १७ प्रश्न सारखे सारखे येणारे निघाले, तीच शीर्षकं केली, हेडिंग स्टाइलमध्ये. लाल रंग, बॉर्डर, अधोरेखा सगळं काढलं. ठळक फक्त तिथे जिथे मुदत आहे, तिथेही प्रत्येक पानावर दोनच्या वर नाही. ओळींमधलं अंतर दीडपट, समास वाढवले, उजवी कड मोकळी. कानांनी वाचतो दादा, तुमचं वाचून शोधलं तर पान १४ ते १६ खरंच जुन्या फॉन्टमध्ये होती, मला आजवर माहीतच नव्हतं, ती पुन्हा टाईप करून घेतली. तक्रार कशी पुढे जाते हा भाग मात्र सलग यांचं ऐकून परिच्छेदातच ठेवला कारण तिथे एक पायरी दुसरीवर अवलंबून आहे. पानं २२ ची २५ झाली, साहेब आधी त्यावर अडले, मग मी त्यांनाच जुनी फाइल देऊन म्हटलं ओळखपत्र हरवलं तर काय करायचं ते शोधून द्या. त्यांना तीन मिनिटं लागली. नव्या फाइलमध्ये अनुक्रमणिकेवर क्लिक करून लगेच सापडलं. त्यानंतर पानांचा विषय निघाला नाही.

फोन गेल्या आठवड्यात सगळे मिळून सहा आले. आणि डोळ्यांना त्रास होतो म्हणाली होती ती मुलगी, तिला मुद्दाम पहिली प्रत दिली, ती म्हणाली ताई आता मी घरी मोबाइलवर पण बघते.

पण एक भलतीच गोष्ट निघाली. सगळी शीर्षकं नॅव्हिगेशन पेनमध्ये एकाखाली एक आल्यावर दिसलं की रजेच्या अर्जाचा विषय दोन ठिकाणी आहे, एक पान ९ आणि दुसरा पार शेवटी परिशिष्टात. पहिल्यात ७ दिवस आहे आणि दुसऱ्यात १० दिवस. विभागाविभागात फिरून विचारलं होतं पण प्रत्येकाने आपलं आपलं पान बघून बरोबर म्हटलं, दोन्ही शेजारी ठेवून कुणीच बघितलं नव्हतं, मीही नाही. जे पान ९ उघडून बसले होते आणि सापडत नाही म्हणत होते त्यातल्या काहींनी आधी परिशिष्ट वाचलं असेल आणि कुठलं खरं ते विचारायला फोन केला असेल, असं आता वाटतंय. वरच्या ऑफिसला आजच ईमेल पाठवलाय. विषयाच्या ओळीत लिहिलं, "रजेचा अर्ज ७ दिवस आधी की १० दिवस आधी?" आणि खाली दोन्ही वाक्यं पान क्रमांकासकट एकाखाली एक दिलीत. उत्तर आलं की इथे टाकते.